बारा वर्षांचं दही

फार पूर्वी एक मोठं बंदर होतं, आणि त्या बंदराच्या गावात कुणी पांढरं कापड विकत घेत नसे. घेऊन करायचं काय? सकाळी दोरीवर वाळत घातलं की संध्याकाळी ते काळं होऊन हाती यायचं.

याला कारण जहाजं. धक्क्याला लागली तरी ती आपल्या कोळशाच्या भट्ट्या विझवत नसत, कारण माल उचलायच्या याऱ्या त्या भट्ट्यांवरच चालायच्या. त्या धुरानं अख्खं गाव खोकायचं. अख्खं म्हणजे एक कारभारी सोडून. बंदराचा कारभारी टेकडीवर राहायचा आणि धूर तिकडे फिरकायचा नाही. कोळशाची वखार त्याच्या मेव्हण्याची होती. आता समजून घ्या.

धक्क्याजवळ एक म्हातारी राहायची. गावात तीच सगळ्यात वयस्कर. तिच्या सात वर्षांच्या नातीची छाती घरघरायची, पोर रात्र रात्र खोकायची. म्हातारी दर महिन्याला टेकडी चढून कारभाऱ्याकडे जायची.

"साहेब, काठावर बैलांचे रहाट बसवले तर तेच माल उचलतील असं सुतार म्हणतात. मग भट्ट्या विझवा की."

"विझवणार ना आजी. आराखडा तयार आहे, महाराजांचा शिक्काही झालाय. बारा वर्षांत सगळं होईल. असली कामं घाईनं होत नसतात."

"मग बारा वर्षं माझ्या नातीनं काय श्वास धरून बसायचं?"

यावर कारभारी तिच्यासाठी सरबत मागवायचा. ती ते तसंच ठेवून टेकडी उतरायची.

असं हे भिजत घोंगडं पडलेलं असताना राजधानीहून सांगावा आला, की महाराज बंदर पाहायला येताहेत. त्यांना धूर सोसत नाही आणि बंदर मात्र गजबजलेलं बघायचंय. झालं. कारभारी टेकडीवरून असा धावत सुटला की पागोटं मागे राहिलं. बागायतदारांचे रहाट आणले, बैल आणले, सुतारांना जेवणावरून उठवलं. चार दिवसांत रहाट फिरू लागले, भट्ट्या विझल्या आणि माल पहिल्यासारखा उतरत राहिला. मला सांगा, इतकी वर्षं हे रहाट काय पाताळात दडले होते?

महाराज आले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी दचकून जागी झाली, कारण रात्रभर खोकला ऐकूच आला नव्हता. तिनं घाबरून नातीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता आणि अगदी सरळ चालू होता. म्हातारीला आधी रडू आलं आणि मग संताप आला.

त्या गावाची एक रीत होती. पाहुणा निघाला की गावातल्या सगळ्यात वयस्कर बाईनं त्याच्या हातावर दही द्यायचं. त्याशिवाय पाहुण्यानं पाऊल उचलायचं नाही, मग तो राजा का असेना. महाराज निघाले तेव्हा म्हातारी झाकलेलं मडकं घेऊन आली, नातीला बरोबर घेऊन. महाराजांनी हात पुढे केला.

"दही लागलं नाही महाराज," ती म्हणाली.

"विरजण कधी लावलंत आजी?"

"काल संध्याकाळी."

"मग लागायला हवं होतं. एक रात्र पुरते की."

"आमच्या गावात बारा वर्षं लागतात. कारभारीसाहेबांना विचारा."

कारभाऱ्याला ठसका लागला. महाराजांना काहीच कळेना.

"मागे वळून बघा," म्हातारी म्हणाली. महाराजांनी वळून पाहिलं. ते अजून निघालेही नव्हते आणि माणसं बैल सोडत होती, रहाटांचे दोर उतरवत होती. एका जहाजावर कोळसा चढत होता, दुसऱ्याच्या भट्टीतून धूर निघू लागला होता.

"तुमच्या दोन दिवसांसाठी धूर चार दिवसांत बंद झाला. या पोरीसाठी कारभाऱ्यांनी बारा वर्षं सांगितली. शिक्का तुमचाच आहे त्या आराखड्यावर. तुमच्या नाकाला किंमत आहे आणि हिच्या छातीला नाही?"

महाराजांची मान खाली गेली. शिक्का मारताना त्यांनी कागद वाचलासुद्धा नव्हता.

"महाराज, सगळं पायरीपायरीनं—" कारभारी पुढे आला.

"पायऱ्या तुम्ही उतरा," महाराज म्हणाले. "आजपासून तुमचं बिऱ्हाड या आजींच्या शेजारी. बायकामुलांसकट." मग म्हातारीकडे वळून ते म्हणाले, "आता द्या दही."

"नुसत्या हुकमावर नाही देणार. रहाट कायमचे बसू देत."

महाराज तिथेच म्हातारीच्या ओट्यावर बसले. गाव बघत राहिलं. पहिल्याच दुपारी कारभाऱ्याचा धाकटा मुलगा खोकू लागला, आणि मग काय विचारता, कारभारी स्वतः दोर ओढायला उभा राहिला. रहाट पक्के बसले, चढवलेला कोळसा उतरवला गेला, शेवटची भट्टी विझली.

तेव्हा म्हातारीनं मडक्यावरचं झाकण काढलं. दही केव्हाच लागलं होतं, वाट बघून आंबटढाण झालं होतं. महाराजांनी ते तोंड वाकडं न करता खाल्लं.

तात्पर्य, आणि हे टेकडीवर राहणाऱ्यांनी आधी वाचावं: पाहुण्यासाठी चार दिवसांत होणाऱ्या कामाला गावासाठी बारा वर्षं लागतील असं जो सांगतो, त्याला खाली धुरात राहायला आणावं.