शाळिग्रामाचं टोपलं

“मग काय, गोळी घालू म्हणता?”

सोमगिरी बुवांनी मान वर केली नाही. मठाच्या ओसरीवर बसून ते काथ्याची दोरी वळत होते.

“मी कुठं म्हटलं? तूच म्हणालास.”

“म्या न्हाई. सरकार म्हणले.”

रायाजी चाबुकस्वार एवढं बोलून खांबाला टेकला. घोडा शिकवण्यात त्याचा हात धरणारा त्या संस्थानात कुणी नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. असा हा गडी पोळ्यानंतरच्या चौथ्या दिवशी नदी उतरून गोसाव्याकडे अंगारा मागायला आला होता.

सरकारांच्या पागेत शाळिग्राम नावाचा काळा घोडा होता. मैदानात सोडला की लोण्याहून मऊ, टाचेच्या नुसत्या इशाऱ्यावर वळणारा. पण पागेत ठाणावर बांधला की त्याच्या अंगात कली शिरायचा. कान मागे, दात पुढे. गेल्या पंधरवड्यात त्याने दाणापाणी करणाऱ्या धोंडू मोतद्दाराचा खांदा फोडला होता.

खंडेनवमीला पागेत पूजा असते. सरकार स्वतः एकेका घोड्याच्या ठाणात शिरून टिळा लावतात. त्या दिवशी शाळिग्रामाने दात दाखवले, तर टिळा नाही, बंदूक. सरकारांचा शब्द झाला होता.

“शिंगरू असल्यापासनं माज्या हातात हाय त्ये,” रायाजी म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला, म्हणून तो उगाच खाकरला.

“काय काय केलंस?”

“मुसकं घातलं. दोर आवळले. वैद्याकडनं डोकं थंड हुयाचं औषिद आणलं. दिष्ट काढली. एकदा चाबूक बी काढला.”

“मग?”

“मग काय… वाढलंच.”

“शिकवण्यात काही राहून गेलं असेल.”

रायाजी ताठ झाला. हे बोलणं त्याला झोंबलं.

“राहून? बुवा, दुसऱ्याच्या हातचा घोडा चंदीचा दाणा खाताना धन्याला बी वळखत न्हाई. माजा घोडा बगा. हरभऱ्याचं टोपलं भरल्यालं असूं द्या, म्या नुसती थाप मारली की तोंडातला दाणा टाकून मागं सरतो. मग टोपलं काढून घ्यायचं. घटकाभरानं द्यायचं. बाची शिकवण हाय. भरल्या टोपल्यावरनं जो उठतो, तोच घोडा धन्याचा.”

बुवांचे हात थांबले.

“रोज?”

“चार वर्सं झाली. सांज-सकाळ. एक दीस चुकला न्हाई.”

बुवांनी दोरी बाजूला ठेवली.

“ऊन चढलंय. जेवून घे.”

“अंगारा दिला आसता तर…”

“आधी जेव.”

मठाची रीतच होती तशी. उपाशी माणसाला तिथे अंगारासुद्धा मिळत नसे. रायाजी पहाटेचा निघालेला, त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. त्याने फार ओढून धरलं नाही.

बुवांनी स्वतः ताट वाढलं. जोंधळ्याची भाकरी, मुगाची उसळ, बुक्कीनं फोडलेला कांदा.

रायाजीने दोन घास घेतले. तिसऱ्याला हात नेला, तर पुढ्यात ताट नव्हतं.

ते बुवांच्या हातात होतं.

उसळीत काही पडलं असेल, असं त्याला वाटलं. पण बुवांनी ताटात पाहिलंही नाही. ते नुसते उभे राहिले. मग ताट होतं तिथे परत ठेवलं.

साधूंची लहर, म्हणून रायाजी हसला आणि जेवू लागला.

ताट पुन्हा उचललं गेलं.

आता त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वैऱ्यालाही भरल्या ताटावरून उठवू नये, एवढं अडाण्यालाही कळतं. हा तर मठ. पण अंगारा हवा होता. त्याने राग गिळला.

ताट परत आलं. या खेपेला तो भराभर, न चावता खाऊ लागला. डोळे मात्र बुवांच्या हातावर.

तो हात परत त्याच्याकडे आला…

रायाजीने मनगट धरलं. करकचून. तोंडात घास, ओठ मागे गेलेले, आणि घशातून असा काही आवाज, की ओसरीवरचं मांजर उठून चालतं झालं.

…

बुवांनी हात ओढून घेतला नाही.

“सोड, बाबा. म्हातारं हाड आहे.”

रायाजीने खाली पाहिलं. त्याने धरलेल्या त्या हातात गरम भाकरी होती.

त्याची मूठ आपोआप सुटली. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुवांनी भाकरी ताटात ठेवली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्याच्याकडे पाठ करून दोरी वळत बसले.

रायाजीने ताट जवळ ओढलं. मग तो जेवला. ताट धुऊन पालथं घातलं.

“बुवा… अंगारा?”

“जेवलास?”

“जेवलो.”

“पोटभर?”

“व्हय.”

“मग आता कशाला हवा अंगारा?”

रायाजी नमस्कार करून निघाला. नदी उतरताना तो मध्येच थांबला आणि पाण्यात उभा राहून त्याने कपाळावर हात मारून घेतला.

त्या संध्याकाळी त्याने शाळिग्रामापुढे टोपलं ठेवलं आणि बाहेर येऊन त्याच्याकडे पाठ करून बसला. घोडा फळीवर लाथा झाडत, इकडे एक डोळा ठेवून खात राहिला. कुणी आलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा ते टोपलं एका दमात रिकामं झालं.

मग रायाजीने दुसरं काम सुरू केलं. घोडा खाताना मूठभर हरभरे घेऊन आत जायचं, टोपल्यात टाकायचे, मागे फिरायचं. पहिले काही दिवस बाही फाटली, दंडावर दात उमटले. पागेतले लोक म्हणू लागले, चाबुकस्वार होता, घोड्याचा वाढपी झाला. रायाजीने ऐकून घेतलं. आयुष्यात त्याने एवढं कधीच ऐकून घेतलं नव्हतं.

विसाव्या दिवशी तो आत शिरला, तेव्हा शाळिग्रामाचे कान पुढे होते.

खंडेनवमीला सरकार आले. बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली होती, ती रायाजीने पाहिली आणि नजर वळवली. शाळिग्राम टोपल्यात तोंड घालून उभा होता. सरकारांनी कुंकवाचा हात पुढे केला. घोड्याने मान वर काढली, हात हुंगला, त्यात हरभरे नाहीत हे बघून परत खायला लागला. टिळा वाकडा लागला. सरकार हसले.

रायाजी पागेमागे गवताच्या गंजीपाशी गेला आणि मनसोक्त रडला. घोडा वाचला होता. महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आपट्याची पानं घेऊन तो मठात आला. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं.

“किती दिवस लागले म्हणालास?”

“ईस.”

“चार वर्षांचं वीस दिवसांत विसरला?”

“इसरला, बुवा. लई मोठ्या मनाचं जनावर.”

“हं. जेवून जा.”

ताट आलं. रायाजी खुशीत होता, बोलत होता, जेवत होता. बुवा भाकरी घेऊन वाढायला आले आणि तिथेच थांबले.

रायाजीचा डावा हात ताटाच्या काठाला गच्च धरून होता. तो तिथे कधी गेला, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

बुवा त्या हाताकडे पाहत राहिले…

“रायाजी, मी दोनदाच उचललं होतं रे.”

मग भाकरी वाढत म्हणाले, “शाळिग्रामाला माझा नमस्कार सांग.”