पाहुण्यांच्या दारातून

एकदा एक व्यापारी आपल्या पत्नीसह एका वृद्ध गुरुजींच्या आश्रमात आला. सुपारी-खोबऱ्याचा जन्मभराचा व्यापार त्याने पुतण्याच्या हाती सोपवला होता आणि उरलेले आयुष्य समुद्रापलीकडच्या एका देशात काढायचे दोघांनी ठरवले होते. कारण तसेच होते. पत्नीला दमा होता. इकडच्या दमट हवेत तिला रात्र बसून काढावी लागे. त्या देशातल्या कोरड्या हवेत दोन वेळा राहून आली, तेव्हा कित्येक वर्षांनी ती पाठ टेकून झोपली होती. त्या झोपेसाठी दोघे राहते घर विकायला निघाले होते.

त्यांच्यासोबत गुरुजींचा एक जुना शिष्य होता. शहरात लोकांना व्हिसा मिळवून देण्याचा त्याचा व्यवसाय होता, आणि स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश असे. घर विकण्याआधी गुरुजींना विचारावे, हा हट्ट पत्नीचा. गिऱ्हाईक दुखवायचे नाही, म्हणून शिष्य आला.

वाटेत त्याने व्यापाऱ्याला पुन्हा समजावले, "शेठजी, निवृत्तांचा व्हिसा म्हणजे डोक्याला ताप. उत्पन्नाचा पुरावा द्या, पोलिसांचा दाखला आणा, आजारपणाचा विमा काढा, वर महिनोन्‌महिने वाट बघा. त्यापेक्षा पर्यटक म्हणून जा. मुदत संपत आली की शेजारच्या देशात एक रात्र काढायची आणि परत यायचं. सगळे हेच करतात. कोण विचारतो?"

'कोण विचारतो!' या दोन शब्दांच्या पायावर आपल्याकडे किती इमारती उभ्या आहेत, आणि किती संसार त्यांखाली गाडले गेले आहेत! सांगणारा मोकळा होतो, ऐकणारा भुर्दंड भरतो, आणि तरीही हे वाक्य शहाणपण म्हणून घरोघर चालते. संताप येतो तो याचाच.

आश्रमाचा एक जुना रिवाज होता. येणाऱ्याला दाराशीच विचारले जाई, "पाहुणे म्हणून आलात, की राहायला?" राहायला येणाऱ्याला गुरुजी समोर बसवत आणि चरितार्थ कसा चालतो, दुखणी कोणती, मागे काही भानगड आहे का, सारे खोदून विचारत. मग त्याला खोली मिळे आणि कामात वाटाही. पाहुण्याला मात्र काहीही विचारत नसत. त्याने ओसरीवर निजावे, पहिल्या पंगतीला जेवावे आणि तीन रात्री झाल्या की निघावे.

गुरुजींचा सल्ला सावकाश घ्यावा, म्हणून व्यापाऱ्याला बरेच दिवस राहायचे होते. पण तो तोंड उघडण्याआधीच शिष्य म्हणाला, "पाहुणे, गुरुजी, पाहुणेच! उगाच चौकश्या कशाला? मुदत संपली की हे एक रात्र ओढ्यापलीकडच्या धर्मशाळेत काढतील आणि सकाळी परत येतील. परत आलेला माणूस नवा पाहुणाच, नाही का?"

गुरुजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. "नियमात बसतं," एवढेच ते म्हणाले.

पहिल्याच संध्याकाळी पत्नीने घरविक्रीचा आणि पर्यटक म्हणून जाण्याचा सारा बेत गुरुजींना सांगितला; त्यांनी तो नुसता ऐकून घेतला. ओसरीवरचा गार वारा तिला बाधला. शेवटच्या रात्री तिला दम लागला, आणि सकाळी ती खांबाला टेकून, ओठ उघडे टाकून श्वास ओढत होती. गुरुजी आले आणि शांतपणे म्हणाले, "मुदत संपली. धर्मशाळेत जा. उद्या या."

व्यापारी त्यांच्या आडवा आला. "अहो, तिची अवस्था बघा! आत वैद्यबुवा आहेत ना?"

"आहेत. ते रहिवाशांसाठी."

शिष्याचा संयम सुटला. "गुरुजी, ही कसली माणुसकी? दया तुम्हीच शिकवलीत ना आम्हाला? आजारी बाईला उंबऱ्याबाहेर काढता? नियम, नियम काय घेऊन बसलात!" त्याचा राग खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे.

तेव्हा गुरुजींचाही आवाज चढला. "ओरड! आणखी ओरड! मी हिला एक ओढा ओलांडायला सांगितला, तर तुझं रक्त उसळलं. तू हिला याच देहानं पुन्हा पुन्हा देशाची सरहद्द ओलांडायला लावणार होतास, तेव्हा ते रक्त कुठे गेलं होतं? माझ्यावर तुला ओरडता तरी येतं. तिथल्या नाक्यावरचा अधिकारी एके दिवशी 'पुरे झालं, परत जा' म्हणाला, तर काय करशील? आणि त्याची चूक तरी काय? आम्ही पाहुणे, असं तुम्हीच त्याला सांगितलेलं. पाहुण्यानं आजारी पडू नये, आणि मरू तर मुळीच नये! तोवर इकडचं घरही विकलेलं. मग यांनी जायचं कुठे, सांग मला!"

शिष्य ओसरीच्या पायरीवर बसला.

"प्रश्नांचा तुला जाच होतो," गुरुजी जरा सावकाश म्हणाले. "अरे, खाणार काय, दुखलंखुपलं तर करणार काय, हे घरचं वडीलधारं माणूसही विचारतंच. जो विचारतो, त्याच्या मनात ठेवून घ्यायचं असतं. ज्यानं काहीच विचारलं नाही, त्यानं आपल्या जाण्याचा दिवस आधीच ठरवलेला असतो."

मग ते पत्नीकडे वळले. "माई, आत चला. वैद्यबुवांना मी पहाटेच उठवलंय. हा नियम माझा, म्हणून मला मोडता येतो. सरहद्दीवर तसं कुणी भेटणार नाही."

वाफारा आणि काढा घेतल्यावर दुपारपर्यंत तिचा श्वास बसला. तिने विचारले, "गुरुजी, व्हिसाच्या अर्जात दमा आहे असं खरं सांगितलं, आणि त्यांनी नाहीच म्हटलं तर?"

"तर ते आपलं घर आपल्याकडे असताना कळेल," गुरुजी म्हणाले.

तिने काढ्याचा पेला खाली ठेवला. मग दाराशी उभ्या असलेल्या शिष्याला म्हणाली, "भाऊ, इतक्या वेळा आमच्या घरी आलात. चहा घेतलात, तिकिटांचं बोललात. पण बाई, तुमचं दुखणं काय, असं एकदाही विचारलं नाहीत."

शिष्याची मान खाली गेली. तो आत आला, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "विचारतो, माई. पहिल्यापासून सांगा."

परक्या देशात म्हातारपण काढायला निघणाऱ्याने दार निवडताना एवढेच पाहावे : या दारातून आत गेल्यावर आपल्याला निर्धास्तपणे आजारी पडता येईल का?