पहिला मान सरकारांचा

"उद्या भरदरबारात हे दोन कागद ओळखून दाखवायचे! गोडाचा कोणता आणि वाळवंटाचा कोणता! नाही ओळखले, तर मुदपाकखान्यातल्या झाडून सगळ्यांनी आपापली बोचकी बांधायची!"

राजे रायाजीरावांचा हुकूम सुटला आणि खैरपट्टी संस्थानाच्या स्वयंपाकघरात फोडणी करपली. कागदांवर होते इंग्रजी शब्द! आणि इथे मुख्य आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत कुणाला मराठीतला ग म भ न येईना!

घडलं होतं असं. राजेसाहेबांना इंग्रजीचं भारी वेड. येत किती होतं, ते विचारू नका! गोऱ्या साहेबाच्या मेजवानीला गेले, पोटभर जेवले आणि ऐटीत म्हणाले, आता डेझर्ट आणा. म्हणायचं होतं डिझर्ट, म्हणजे जेवणानंतरचं गोडधोड. डेझर्ट म्हणजे वाळवंट! साहेबाची मडम म्हणाली, "आणते की! सोबत उंटही आणू का?" मेजावरचे सगळे गोरे खो-खो हसले.

आता माणसाने गुपचूप पाणी प्यावं आणि घरी यावं. पण राजेच ते! घरी येऊन गरजले, "आमच्या मुदपाकखान्यात एकालाही इंग्रजी कळत नाही, मग आमच्या जिभेला वळण लागणार कसं?" घ्या! जीभ घसरली यांची आणि खापर आचाऱ्यांच्या डोक्यावर! त्यात राजेसाहेबांना इंग्रजी शिकवणारे सोवनी मास्तर तेल ओतायला हजरच. मास्तरांचा एक मेहुणा खानसामा होता आणि घरी बसून मास्तरांचंच अन्न खात होता. त्याला इथे चिकटवायची याहून चांगली संधी कुठली?

मुदपाकखान्यात रडारड सुरू झाली. एकटी ठकूबाई पाट्यावर हळद वाटत बसली होती. मसाले वाटणं हेच तिचं काम.

"अगं, उद्या चूल बंद होणार आपली!" आचारी म्हणाला. "आणि तुला वाटण सुचतंय?"

"रडून शब्द ओळखता येत असतील तर मीही रडते," ठकूबाई म्हणाली. "उद्या मी जाते दरबारात."

दुसऱ्या दिवशी ती निघाली ती तशीच, पाट्यावरून उठून. आचारी मागून ओरडला, "हात तरी धू!" तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दरबार गच्च भरला होता. मास्तरांनी मिशीतल्या मिशीत हसत दोन्ही कागद पुढे केले. "सांगा ठकूबाई, गोडाचा कोणता?"

ठकूबाईने कागद हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि परत दिले. "सांगते की! पण आधी सरकारांनी सांगायचं."

"काय?" राजेसाहेब सिंहासनावर ताठ झाले.

"सरकार, माझा नवरा धर्मा तुमच्या आमराईचा राखणदार. गेल्या साली पहिली पाटी वाड्यावर यायच्या आत त्याने खाली पडलेला एक आंबा चोखला. तुम्ही त्याच्या गळ्यात कोय बांधून त्याला दिवसभर उन्हात उभं केलंत! का, तर संस्थानात जे नवं येईल त्याचा पहिला मान सरकारांचा! मग इंग्रजीही नवीनच आलंय. त्याचा पहिला घास मी कसा घेऊ?"

दरबारात चुळबुळ सुरू झाली. राजेसाहेबांची पुरती पंचाईत! रीत मोडावी तर धर्माची शिक्षा खोटी ठरते आणि पाळावी तर उत्तर द्यावं लागतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताची झुंबरं मोजत होते. शेवटी घाम पुसत राजेसाहेबांनी एका कागदावर बोट ठेवलं. "हा! हा गोडाचा!"

"वा! अगदी बरोबर, सरकार!" मास्तर उद्गारले.

"माझंही तेच उत्तर," ठकूबाई म्हणाली.

"ही लबाडी आहे!" मास्तर किंचाळले. "ही नुसती री ओढतेय!"

"मग पुन्हा विचारा. कागद पिसा, मास्तर. पण पहिला मान सरकारांचाच हं!"

मास्तरांनी चरफडत कागद पिसले. राजेसाहेबांना आता चांगलाच जोर चढला होता. त्यांनी धड पाहिलंही नाही. "हा गोडाचा!"

"बरोबर! काय नजर आहे सरकारांची!"

"थांबा, मास्तर!" ठकूबाई पुढे झाली. "सरकार, तो कागद उलटा करून कोपरा बघा."

कोपऱ्यावर हळदीचा अंगठा उमटलेला होता.

"मला अक्षर कळत नाही, पण माझा अंगठा कळतो. तो मी एकाच कागदाच्या पाठीवर उमटवला होता आणि कागदांची पाठ माझ्याकडेच होती. मघाशी सरकारांनी बोट ठेवलं तो कागद बिनडागाचा होता. आत्ताचा हळदीचा आहे. तोही गोड आणि हाही गोड? मग वाळवंट गेलं कुठे, मास्तर?"

राजेसाहेब लाल झाले. मुदपाकखान्यातली मंडळी दाराआड देवाचं नाव घेऊ लागली. "मास्तर," राजेसाहेब दातओठ खात म्हणाले, "खरं सांगा. गोडाचा कोणता?"

मास्तर हात जोडून म्हणाले, "सरकार म्हणतील तो!"

मग राजेसाहेब जे हसत सुटले! "अरे लेका! म्हणजे रोज मी चुकत होतो आणि रोज तू बरोबर म्हणत होतास! त्या मडमेपुढे माझं नाक कापलं ते तू!"

हुकूम तिथल्या तिथे फिरला. मुदपाकखान्यातली माणसं जागच्या जागी राहिली. मास्तरांना महिनाभर पाट्यावर हळद वाटायला बसवलं आणि मेहुण्याला वरवंटा धुवायला.

"आणि ठकूबाई," राजेसाहेब म्हणाले, "यापुढे दर साली आमराईची पहिली पाटी तुझ्या घरी. पहिला आंबा धर्माने चोखायचा, मग आम्ही! गोड निघाला की आम्हाला कळव."

"आणि आंबट निघाला तर, सरकार?"

"तर काय?"

"तर मास्तरांना बोलावते. ते तोही गोडच म्हणतील!"

राजेसाहेब असे हसले, की फेटा सुटून मांडीवर पडला.