तरटावरचा शिष्य

पूर्वी वेत्रनगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील वैद्यकाच्या पाठशाळेत उपाध्याय होता. वृद्ध आचार्यांनंतर पाठशाळा त्याचीच व्हायची होती.

त्या पाठशाळेत एक संतापजनक रीत होती. पहिल्या दिवशी आचार्य एक श्लोक म्हणत. ज्याला तो लगेच म्हणता येई त्याला दर्भासन, बाकीच्यांना तरट. मग बारा वर्षे ते आसन बदलत नसे. आचार्य तरटावरच्यांना प्रश्नसुद्धा विचारीत नसत. पोरे घाबरून अडखळली असतील, एवढा साधा विचार त्या विद्वानाच्या डोक्यात कधी आला नाही.

कुंभाराचा मुलगा पिंगल तरटावर वाढला. अखेरच्या परीक्षेला एक रोगी आणला. त्याला पाहून प्रत्येकाने औषध निवडायचे होते. चुकला तो वैद्य न होता घरी जाणार. पिंगलाने रोग्याचे पिवळे डोळे पाहिले, काविळीवरचा भुईआवळा उचलला, इकडेतिकडे पाहिले आणि तो परत ठेवून अडुळसा घेतला.

"चुकलास. तूही जा घरी," आचार्य म्हणाले.

बोधिसत्त्वाने विचारले, "हातात बरोबर औषध होतं. ठेवलंस का?"

"दर्भासनावरच्या दोघांनी अडुळसा घेतला, गुरुजी. मी तरटावरचा. माझंच चुकत असणार, असं वाटलं."

आचार्य हसले. बोधिसत्त्वाला ते हसणे सहन झाले नाही.

"तुला येत नाही, हा एकच धडा तुम्ही याला बारा वर्षं दिलात. तो यानं चोख पाठ केला. मग हा मंद कसा?"

"तोंड सांभाळ. ही पाठशाळा तुला मिळायची आहे."

"मला नको," असे म्हणून बोधिसत्त्व तरटावरच्या सगळ्यांना घेऊन निघाला.

नगराबाहेर तो त्यांना शिकवू लागला. आधी त्यांचे मत विचारी, मग आपले सांगे. पिंगलाला मोठ्याने उत्तर द्यायला वर्ष लागले. पुढे तो नामांकित वैद्य झाला, पण औषध उचलले की देण्याआधी तो जन्मभर इकडेतिकडे पाहत राहिला. आचार्यांनी दिलेले तेवढे कोणालाच काढता आले नाही.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगल म्हणजे आज तुमच्या आजारात धावून येणारा तो अबोल भिक्षू. उपाध्याय मी होतो. आचार्य कोण, ते सांगत नाही. नव्या शिकाऊ श्रामणेराला 'तुझ्याच्यानं होणार नाही' असं ज्यानं कधीच म्हटलं नाही, त्यानं मान वर करावी."

एकही मान वर झाली नाही. तेव्हा शास्त्यांनी त्या जन्मीच्या सद्गुणाचे नाव सांगितले, करुणा. करुणेला रागही येतो, हेही सांगितले.