शिंगांखालचे कान

त्या राज्यात प्रत्येक जीव रिकामा जन्माला येई. आपले नाव काय, आपण चरायचे की उडायचे, यातले त्याला काहीच ठाऊक नसे. डोळे उघडले की तो साद घाली, "मी कोण?" मग टेकडीवरून ओ येई. टेकडी त्याला नाव देई आणि नावामागोमाग शहाणपण पाठवी. जो पहिली ओ देईल त्याचेच ऐकायचे, एवढी एक गोष्ट मात्र जीव पोटातूनच शिकून येत.

शहाणपण एकाच प्रकारचे होते. फार पूर्वी राज्याने एक गुणी बैल निवडला, त्याच्या डोक्यातले सगळे जसेच्या तसे उतरवून घेतले आणि टेकडीवर ठेवले. बैलांना ते उत्तम लागू पडे. गाई-म्हशींचेही निभावून जाई. पुढे राज्यात कासवे आली, मुंगसे आली, नाना तऱ्हेचे जीव आले. पण दरेकासाठी वेगळे शहाणपण घडवण्याचा खटाटोप कोण करणार? तिथे सगळे घोडे बारा टक्के होते, आणि जे घोडे नव्हते तेही. ज्याच्यात शहाणपण उतरत नसे, त्याला निकामी ठरवून पावसाळ्याआधी कड्यावरून लोटून देत.

अशा अडलेल्यांना पुन्हा जागे करून पाहणे हे टिटवीचे काम. ती तोंडावर पाणी शिंपडी, जीव सगळे विसरे आणि नव्याने साद घाली. त्या वर्षी तिच्याकडे एकच अडलेला जीव उरला होता, वटवाघळाचे पिल्लू. टिटवी जिकडे जाई तिकडे ते आपले मोठे कान वळवी. तिचा त्याच्यावर जीव जडला होता.

तिने पाणी शिंपडले. पिल्लाने साद घातली. ओ आली, नावही आले, पण पुढे काहीच येईना. टिटवीने माग काढला, तर टेकडीच्या पायथ्याशी म्हातारा पोपट सापडला. टेकडी ओ देऊ लागली त्याआधी हे काम त्याच्याकडे होते. काम गेले, सवय राहिली. त्याच्याकडे नावे होती, शहाणपण नव्हते.

"राघोबा, तुम्ही ओ देऊ नका. ते लेकरू तुमच्याच तोंडाकडे बघत बसतं."

"मी कुठं मुद्दाम देतो, बाई? आपसूक निघते."

टिटवीने त्याच्या चोचीत पेरू कोंबला आणि परत येऊन पिल्लाला जागे केले. या खेपेला टेकडीची ओ आली. शहाणपण सुरू झाले. पिल्लू मन लावून ऐकत होते आणि एकाएकी बहिरे झाले. पुन्हा पाणी, पुन्हा साद, आणि पुन्हा त्याच जागी ते बहिरे झाले. टिटवी घाबरली.

मग ती पिल्लाशेजारी बसून स्वतः ऐकू लागली. ती शहाणपणाच्या आधीच्या काळात जन्मलेली, त्यामुळे तिने ते कधी ऐकलेच नव्हते. सुरुवात अशी होती: 'शिंगे चाचप. शिंगांखाली कान असतात. पुढचे त्या कानांनी ऐक.' पिल्लाने डोके चाचपले. शिंगे नव्हती, म्हणजे कानही नव्हते. आतापर्यंत ज्या कानांनी त्याने हे सगळे ऐकले, त्यांच्यावरचा त्याचा विश्वास उडाला.

टिटवी टेकडीच्या कारभारी बैलाकडे गेली.

"बैलबुवा, एक वाक्य वाढवा. शिंगं नसली तरी कान असतात, एवढंच."

बैल रवंथ करत म्हणाला, "आजवर कुणाची तक्रार नाही."

"ज्यांची आहे त्यांना तुम्ही विचारलेलंच ऐकू येत नाही."

"मग त्यांनीच येऊन सांगावं. तू कोण मधली?"

टिटवी परत फिरली. बोलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होते. खाली निकाम्यांची रांग कड्याकडे सरकू लागली होती. एक कासव रांगेत उभे राहून सगळ्यांकडे पाहून हसत होते. आपण कुठे चाललो आहोत हे त्याला कुणी सांगितले असते तरी ऐकू आले नसते. रांग हाकणारे रखवालदार आता पिल्लाच्या झाडाकडे वळत होते.

टिटवीने बाभळीचे दोन काटे तोडले आणि गवताच्या काडीने पिल्लाच्या डोक्यावर बांधले. पाणी शिंपडले. पिल्लाने साद घातली, टेकडीने ओ दिली. पिल्लाने डोके चाचपले. शिंगे होती. त्यांच्याखाली कान होते. शहाणपण शेवटच्या शब्दापर्यंत उतरले. रखवालदारांनी काट्यांकडे पाहिले आणि ते पुढे गेले. टिटवीला रडू फुटले. लेकरू वाचले होते.

संध्याकाळ झाली. तळ्यावर चिलटांचे थवे उठले. भुकेल्या पिल्लावरून घिरट्या घालत टिटवी म्हणाली, "उड रे बाळा, आता तुझीच वेळ."

पिल्लाला सगळे नीट ऐकू आले. ते फांदीवरून उतरले, मिटलेले पंख धुळीत ओढत सावकाश तिच्यापर्यंत चालत आले, आणि जू ठेवायला सोपे जावे म्हणून त्याने मान खाली घातली.