आप्पांच्या अस्थी

नदीला कुणीतरी मारलंय, आणि अजून पंचनामासुद्धा झालेला नाही.

सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र नगरपालिकेने थाटात बांधलं. पण वीज वाचवायला त्याची यंत्रं बंद ठेवून मैला तसाच नदीत सोडला जाई. खालच्या भोईवाड्यात पोरं तापाने फणफणली, तेव्हा तिथल्याच अनुजा तारूला धीर धरवेना. ती तडक नगराध्यक्ष इंगवल्यांच्या दारात गेली. घर सुतकातलं होतं. वडिलांच्या, आप्पांच्या, अस्थींचा कलश घेऊन इंगवले नाशिकला निघाले होते.

"दादासाहेब, यंत्रं चालू करा. पोरं मरतील."

"चालूच आहेत! आपल्या नदीचं पाणी गंगेसारखं निर्मळ आहे. खोटं ठरवून दाखव, आत्ता येतो तुझ्याबरोबर केंद्रावर."

अनुजाने कलशाला हात जोडले.

"मग एवढ्या लांब नाशिकला कशाला? आप्पांचा जन्म याच काठावर गेला. केंद्राच्या पाइपाखालीच सोडू या त्यांना. माझ्या आजीला आम्ही परवा तिथल्याच फेसात सोडलं."

इंगवल्यांनी कलश छातीशी घट्ट धरला.

शेवटी ड्रायव्हरने हळूच विचारलं, "साहेब, गाडी नाशिकलाच घ्यायची ना?"