बोटीवरचा आठवा खलाशी

किनाऱ्यावरच्या एका गावी मच्छीमारांची संस्था होती. कोणत्या बोटीवर कोण समुद्रात गेले आहे, याची यादी संस्थेच्या संगणकात असे. वादळात एखादी बोट परतली नाही, तर शोधपथक हीच यादी हाती घेऊन निघे. तीस वर्षांपूर्वी द्वारकानाथ मेहेर सरांनी ती एका जुन्या संगणकभाषेत रचली होती. आता त्यांची शिष्या हेमांगी ती नव्या भाषेत उतरवत होती.

एका पहाटे काम पूर्ण झाले. "सर, एकशे बारा बोटी, आणि एकही एरर नाही," ती म्हणाली.

सरांनी पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "नवी यादी छापून घे आणि चल धक्क्यावर. बोटी सुटायच्या आत माणसं मोजायची आहेत."

"माणसं? पण सर, प्रत्येक नाव मी तपासलंय."

सर चालू लागले होते. हेमांगी मनातून दुखावली, तरी मागोमाग निघाली.

चौथ्या बोटीपाशी ती थबकली. यादीत नावे सात. बोटीवर माणसे आठ. तिने पुन्हा मोजले. आठच.

एकेक नाव ती मोठ्याने वाचू लागली. "हिराजी चौलकर" म्हणताच दोन हात वर झाले.

"चुलतभाऊ आम्ही," थोरला म्हणाला. "दोघांनाही आजोबांचंच नाव ठेवलंय."

धाकट्याने कागदात डोकावून पाहिले. "इथं तर एकच हिराजी आहे. म्हणजे मी बुडालो, तर मला शोधायला कुणी येणार नाही?"

तो हसत म्हणाला होता. दुसरे कुणीच हसले नाही.

हेमांगीचा चेहरा उतरला. "सर, मशीनने ही चूक दाखवली कशी नाही?"

"त्याच्या लेखी चूक झालीच नाही," सर शांतपणे म्हणाले. "जुन्या भाषेत मी माणसं रांगेत उभी केली होती. रांगेत एका नावाचे दोघे सुखाने राहतात. तू नव्या भाषेत प्रत्येक नावाला एकच जागा दिलीस. दुसरा हिराजी आला आणि पहिल्याच्या जागी बसला. जे पोहोचले, ते तू नीट तपासलेस. वाटेत कोण गळलं, ते पोहोचलेल्यांकडे पाहून कसं कळणार?"

"जुन्या यादीशी ताडून पाहिलं असतं, तरी कळलं असतं ना?"

"कळलं असतं. पण मग तुला एक आकडा कमी दिसला असता. हा माणूस दिसला नसता."

हेमांगीने पेन्सिलीने धाकट्या हिराजीचे नाव वडिलांच्या नावासकट लिहिले आणि बरोबर आहे ना, म्हणून त्यालाच वाचून दाखवले. त्याने मान हलवली. बोट सुटली.

नवी यादी त्या दिवशी लागू झाली नाही. हेमांगी पुढच्या बोटीपाशी गेली. कागद तिने घडी घालून हातातच ठेवला, आणि आधी माणसे मोजली.